रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं तर कसं? (फौजी पत्रव्यवहार : ठेवण, भाषा, पत्ता, चुका)

पैनगंगाकाठ | सोमवार, रात्री ९.१०

बुलडाणा-वाशीमच्या शिवेवरच्या गावांत माजी सैनिकांची बरीच घरं आहेत. रेकॉर्ड ऑफिसला (निवृत्त सैनिकांची कागदपत्रं ठेवणारं फौजेचं कार्यालय) पाठवायची पत्रं सेतूवरच लिहून घेतात. नेटवर सापडणारे नमुने ‘सविनय निवेदन करण्यात येते की’पासून सुरू होतात आणि मुद्दा दुसऱ्या पानावर येतो. उलट काही जण सांगतात, फौजेला फौजेच्याच फॉरमॅटमध्ये लिहा, नाहीतर कोणी वाचत नाही.

सध्या हातात असलेलं प्रकरण : नवरा महार रेजिमेंटमधून निवृत्त, आता वारला. पीपीओत (पेन्शन मंजुरीचा आदेश) बायकोचं नाव ‘कमल’, आधारवर ‘कमलाबाई’ आणि पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव. फॅमिली पेन्शन तिथेच अडलं आहे.

पत्र कोणाच्या नावानं, कोणत्या भाषेत, कोणत्या ठेवणीत, आणि सोबत काय जोडायचं? जाणकारांनी सांगावं.

शेगावकचोरी | ९.२२

जागा पकडून ठेवतो. घरोघरी हाच घोळ आहे राजेहो.

हेडक्लर्क_निवृत्त | ९.५८

आधी फॉरमॅटचा घोळ मिटवू.

तुम्ही ऐकलं ते ‘सर्व्हिस लेटर’. त्याची ठेवण अशी. वर डावीकडे टेलिफोन क्रमांक, वर उजवीकडे पाठवणाऱ्या युनिटचा पत्ता. त्याखाली डावीकडे फाइल क्रमांक, उजवीकडे तारीख. तारखेत फक्त महिना आणि वर्ष टाइप करतात, दिवसाची जागा मोकळी. सही करणारा अधिकारी पेनानं दिवस घालतो, कारण मसुदा मंगळवारी टाइप झाला आणि सही शुक्रवारी झाली तर पत्र शुक्रवारचं धरतात. मग डावीकडे ज्याला लिहायचं तो, मधोमध ठळक अक्षरांत विषय, आणि लगेच परिच्छेद १. ‘महोदय’ नाही, ‘आपला विश्वासू’ नाही. पहिल्या परिच्छेदात संदर्भ : तुमचं अमुक क्रमांकाचं, अमुक तारखेचं पत्र. परिच्छेदांना १, २, ३. त्यांच्या पोटात कंसात इंग्रजी ए, बी. त्याच्याही पोटात कंसात लहान रोमन आकडे. पोटमुद्दा एकच असेल तर त्याला अक्षर देत नाहीत. शेवटी कंसात नाव, खाली रँक, खाली हुद्दा, आणि सही दुसऱ्याच्या वतीनं असेल तर ‘कमांडिंग ऑफिसरकरिता’. मग जोडपत्रं आणि ‘कॉपी टू’. पत्र गोपनीय असेल तर त्याचा वर्ग, म्हणजे रिस्ट्रिक्टेड, कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट, टॉप सीक्रेट यांपैकी जो असेल तो, प्रत्येक पानाच्या वर आणि खाली.

हे पत्र एक ऑफिस दुसऱ्या ऑफिसला लिहितं. गावातल्या बाईला ना फाइल क्रमांक, ना अॅडज्युटंट (युनिटचं कार्यालय पाहणारा अधिकारी). तिनं या ठेवणीत लिहिलं की पत्र नकली वाटतं, दुसरं काही नाही. साधा अर्ज लिहा. फक्त तीन गोष्टी फौजेकडून उचला : विषयाची एक ओळ, परिच्छेदांना आकडे, आणि जुन्या पत्राचा संदर्भ क्रमांक.

वर्धाव्हॅली | १०.१५

आकडे कशाला? अर्ज अर्जासारखा असावा. बाई काय आणि ‘पॅरा ३’ काय!

हेडक्लर्क_निवृत्त | १०.३१

@वर्धाव्हॅली, आकडे बाईसाठी नाहीत, समोरच्या क्लार्कसाठी आहेत. तो पत्र घेऊन नोटिंग शीटवर चार ओळी लिहितो आणि वर पाठवतो. आकडे असले की तो लिहितो ‘पॅरा २ मधील फरक पार्ट टू ऑर्डरशी (म्हणजे युनिटच्या छापील नोंदीशी) ताडून पाहिला’. नसले की त्याला सगळं पत्र स्वतःच्या शब्दांत उतरवावं लागतं, आणि त्यात एखादा मुद्दा सुटतो. सुटलेल्या मुद्द्याचं उत्तर कधीच येत नाही.

वर्धाव्हॅली | १०.३६

हे पटलं. आकड्यांवरचा आक्षेप मागे.

चिखलदरा_कॉफी | १०.४०

पत्रात सगळ्यात वर काय हवं हे कोणीच सांगितलं नाही. नंबर, रँक, नाव. याच क्रमानं. रेकॉर्ड ऑफिसात माणूस नावानं सापडत नाही, नंबरानं सापडतो. एका रेजिमेंटमध्ये इंगळे आडनावाचे किती निघतील मोजा.

नंबरात दोन ठिकाणी गडबड होते. एक, शेवटचं इंग्रजी अक्षर गाळतात. ते शोभेचं नाही. आकडे बरोबर उतरले की नाही ते तपासायलाच ते असतं. झेरॉक्सवर पुसट दिसलं तर अंदाजानं लिहू नका, डिस्चार्ज बुकाच्या (फौजेतून सुटताना मिळतं ते पुस्तक) पहिल्या पानावरून घ्या. दोन, हवालदाराचा नायब सुभेदार झाला की त्याला ‘जेसी’नं सुरू होणारा नवा नंबर मिळतो. मग जुना आणि नवा दोन्ही लिहा. लग्नाची, मुलांची नोंद जुन्या नंबरावर झालेली असते आणि पेन्शन नव्या नंबरावर.

रँकबद्दलही एक. मानद नायब सुभेदारकी २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत मिळते. घराच्या पाटीवर ‘सुभेदार’ असलं तरी पत्रात ‘हवालदार (मानद नायब सुभेदार)’ असंच हवं.

शेगावकचोरी | १०.४४

पाटीवर सुभेदार, लग्नपत्रिकेत सुभेदार मेजर, आणि पारावर कर्नल 😄

पटवारी_आजोबा | १०.५९

पदोन्नती गावातच होते, तीही बिनापरीक्षेची.

बोडीकाठ_गोंदिया | मंगळवार, सकाळी ७.०५

जिल्हा! याच्यामुळे पत्रं परत येतात. गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून. त्याआधी भरती झालेल्याच्या शीट रोलमध्ये (फौजेतला त्याच्या नोंदींचा कागद) जुनाच जिल्हा असतो. आधारवर वाशीम, शीट रोलवर अकोला : क्लार्कला वाटतं माणूस दुसरा. म्हणून पत्ता असा लिहा : ‘मौजा अमुक, तहसील रिसोड, जिल्हा वाशीम (भरतीच्या वेळी जिल्हा अकोला)’. कंसातले चार शब्द एक फेरी वाचवतात.

स्पेलिंगही पाहा. जुन्या इंग्रजी कागदांत अमरावतीचं ‘अमरावटी’ वाचता येईल असं स्पेलिंग आहे, यवतमाळचं ‘येवटमाळ’, बुलडाण्यात ‘एच’ कधी आहे कधी नाही. जुनं स्पेलिंग दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, ते जसं आहे तसं उतरवा.

वकीलीण_यवतमाळ | ७.४०

गावाच्या स्पेलिंगपेक्षा माणसाच्या नावाचं स्पेलिंग जास्त नडतं. रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरला नाव लिहून घेणारा बहुतेकदा हिंदी पट्ट्यातला. ज्ञानेश्वर त्याच्या कानाला ‘ग्यानेश्वर’ ऐकू येतो, तो ‘जी-वाय’नं सुरुवात करतो. आपल्याकडे शाळेत आणि आधारवर ‘डी-एन-वाय’. संगणकाला ही दोन वेगळी माणसं. ‘ळ’चाही तोच प्रकार : इंगळेचं ‘इंगले’ झालं तर ठीक, पण एखाद्यानं ‘इंगोले’ केलं तर ते आडनावच दुसरं. वानखडे-वानखेडे, तायडे-तायाडे, यादी मोठी आहे.

बायकांच्या नावात आणखी तीन गाठी. ‘बाई’ कधी जोडलेली, कधी नाही. ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ नावाचाच भाग म्हणून टाइप झालेलं. आणि लग्नात बदललेलं नाव : पार्ट टू ऑर्डरमध्ये माहेरचं, आधारवर सासरचं.

पत्रात ‘नाव चुकीचं आहे, दुरुस्त करा’ एवढंच लिहू नका. दोन्ही नावं अक्षर न् अक्षर द्या आणि प्रत्येक नाव कोणत्या कागदावर आहे ते सांगा. प्रतिज्ञापत्रातही तीच दोन रूपं, तेच स्पेलिंग. प्रतिज्ञापत्रात तिसरं स्पेलिंग घुसलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पैनगंगाकाठ | ८.१२

प्रतिज्ञापत्र नोटरीचं चालतं का मॅजिस्ट्रेटपुढचं लागतं?

वकीलीण_यवतमाळ | ८.२०

रेकॉर्डचं आधी पत्र आलं असेल तर त्यात लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. लिहिलेलं नसेल तर मॅजिस्ट्रेटपुढचंच करा. नोटरीचं एखादं ऑफिस घेतं, एखादं परत पाठवतं.

संत्रागल्ली | ९.०५

भाषेचं काय ठरलं? इंग्रजी चुकीची लिहिण्यापेक्षा मराठी बरी नाही का? राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. मग मराठीतच का नको?

हेडक्लर्क_निवृत्त | ९.३०

हक्क आहेच. पण सागरला, म्हणजे महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, मराठी वाचणारा त्या टेबलावर असेलच असं नाही. पत्र भाषांतराला जातं आणि तिथे पडून राहतं. हिंदीत लिहा. १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे केंद्राच्या कार्यालयाला हिंदी पत्राचं उत्तर हिंदीतच द्यावं लागतं, आणि ते उत्तर घरात कोणीतरी वाचू शकतं. फक्त नाव, नंबर आणि युनिट इंग्रजी लिपीतही द्या, पीपीओवर आहे तसं. हिंदी ‘कमल’वरून इंग्रजी स्पेलिंग ओळखायचं काम क्लार्कवर सोडू नका.

संत्रागल्ली | ९.३४

म्हणजे हक्क मराठीचा आणि पत्र हिंदीत. बरं.

वर्धाव्हॅली | ९.४१

जोडकागद मराठीत असतील तर? ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला मराठी-इंग्रजी येतो, पण शाळेचा दाखला नुसता मराठी.

वकीलीण_यवतमाळ | ९.५०

मराठी कागदाच्या झेरॉक्सखाली कोऱ्या जागेत मुख्य नोंदींचं हिंदी किंवा इंग्रजी रूप लिहा : नाव, जन्मतारीख, दाखला क्रमांक. सगळ्या पानाचं भाषांतर नको. तारखा लिहिताना महिना अक्षरांत. ०७/०८ म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै, हा वाद फौजेत होत नाही, कारण तिथे महिना अक्षरांतच लिहितात. आपणही तेच करावं.

चिखलदरा_कॉफी | ११.१५

आता पत्र कुठे पाठवायचं ते. निवृत्त माणसाची कागदपत्रं युनिटमध्ये नसतात, त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. विदर्भात लागणारी ठिकाणं :

महार रेजिमेंट : सागर, मध्य प्रदेश. इंग्रजीत ते लोक अजून जुनं ‘सौगोर’ स्पेलिंग लिहितात, घाबरू नका.
ब्रिगेड ऑफ द गार्ड्स : कामठी. नागपूरच्या लोकांचं नशीब, हातानं नेऊन देता येतं.
मराठा लाइट इन्फंट्री : बेळगाव.
तोफखाना : नाशिक रोड कॅम्प.
बॉम्बे सॅपर्स : खडकी.
सिग्नल्स : जबलपूर.
ईएमई आणि ऑर्डनन्स : सिकंदराबाद.
आर्मर्ड कोअर : अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर.

पत्र ‘ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स’ या हुद्द्याच्या नावानं. माणसाचं नाव घालू नका, अधिकारी बदलतात. पुलगावला दारूगोळा डेपो आहे म्हणून ऑर्डनन्सचं पत्र पुलगावला टाकतात, तेही चूक. डेपोकडे तुमची सर्व्हिस फाइल नाही.

कडूनिंब | ११.३०

अवांतर विचारतो. नोकरीत असलेल्या पोराला पत्र टाकायचं तर? पत्त्यात ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आणि ९९ एपीओ, दोन्ही दिसतात.

चिखलदरा_कॉफी | ११.४२

दोन वेगळी बेस पोस्ट ऑफिसं आहेत. ५६ चं टपाल दिल्लीतून वाटलं जातं, ९९ चं कोलकात्यातून. पोरानं दिलं तेच लिहायचं, आपल्या मनानं बदलायचं नाही. क्रम : नंबर, रँक, नाव, कंपनी, युनिट, मार्फत ५६ एपीओ, आणि ९ नं सुरू होणारा सहा आकडी पिन. गावाचं, राज्याचं नाव त्यात अजिबात नाही. ‘मार्फत ५६ एपीओ, पठाणकोट’ असं लिहिलं की दोन नुकसानं : युनिट कुठे आहे ते पाकिटावर उघड झालं, आणि टपाल छाटणाऱ्यानं ते साध्या पोस्टाच्या पिशवीत टाकलं.

पटवारी_आजोबा | दुपारी १२.२०

उलट दिशेचं पत्रही बोला. सीओचं (युनिटचा कमांडिंग ऑफिसर) पत्र तहसीलदाराला किंवा कलेक्टरला येतं : आमच्या जवानाच्या शेतीत अतिक्रमण झालं आहे, मदत करा. अशी पत्रं बहुतेक वेळा तहसीलमध्ये निपचित पडतात. कारण असतं ‘गावातील जमीन’ एवढंच लिहिलेलं. कोणती जमीन?

अशा पत्रात मौजा, तहसील, जिल्हा, गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, सातबारावर नाव कोणाचं, फेरफार झाला की नाही, धुऱ्याची मोजणी झाली की नाही, अतिक्रमण करणारा कोण, आणि जवानाला नेमकं काय हवं : मोजणी, फेरफार की पोलीस बंदोबस्त, एवढं हवं. ही माहिती युनिटच्या क्लार्ककडे कुठून येणार? घरच्यांनी सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा पोराला पाठवायचा, पोरानं अर्जाला जोडायचा. मग पत्राला वजन येतं.

नागरी कार्यालयाला जाणाऱ्या फौजी पत्रात संक्षेप टाळतात, पण कधी राहून जातात. मग नायब तहसीलदार विचारतो हे ‘एनओके’ काय आहे.

वकीलीण_यवतमाळ | १२.४५

यात भर. जमिनीचा दावा कोर्टात असेल आणि जवान युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत तैनात असेल तर १९२५ चा इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) कायदा आहे. ठरलेल्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर कोर्ट कामकाज पुढे ढकलू शकतं. ते पत्र मात्र कोर्टाच्या नावानं, दाव्याचा क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावं घालून आलं पाहिजे. कलेक्टरला लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स कोर्टात दाखवून काही होत नाही.

शेगावकचोरी | १२.५२

एनओके काय आहे मग?

हेडक्लर्क_निवृत्त | दुपारी १.१०

नेक्स्ट ऑफ किन, जवळचा नातलग. फौजेच्या पत्रात नेहमी येणारी बाकीची : डीओई म्हणजे भरतीची तारीख. टीओएस म्हणजे युनिटच्या हजेरीवर घेतलं, एसओएस म्हणजे हजेरीवरून कमी केलं (संकटातली हाक नव्हे!). पीयूसी म्हणजे ज्यावर विचार चालू आहे तो कागद. किंड्रेड रोल म्हणजे भरतीच्या वेळी लिहून घेतलेली नातेवाइकांची यादी. पार्ट टू ऑर्डर म्हणजे युनिटनं छापलेली नोंद : लग्न, मूल, रजा, बढती, मृत्यू. हे शेवटचं पाठ करा. फौजेच्या लेखी लग्न मांडवात होत नाही, पार्ट टू ऑर्डरमध्ये होतं.

आणि ओएसएल म्हणजे रजा संपूनही हजर नाही. असं पत्र घरी आलं तर ताबडतोब उघडा.

कडूनिंब | १.२५

ओएसएलचं जरा सविस्तर सांगा. गावात कोणाकडे तरी ‘अॅप्रिहेन्शन रोल’ आला आहे, घरचे घाबरलेत.

हेडक्लर्क_निवृत्त | १.५५

अॅप्रिहेन्शन रोल म्हणजे गैरहजर जवानाला पकडून द्यावं म्हणून युनिटनं पोलिसांना पाठवलेला कागद. त्याची प्रत घरच्यांना येते. गैरहजेरी ३० दिवसांवर गेली की आर्मी अॅक्टच्या कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तिची नोंद राहते. म्हणून हे पत्र कपाटात ठेवायचं नाही.

उत्तर सीओच्या नावानं. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. दुसऱ्यात जवान आज कुठे आहे. तिसऱ्यात कारण, तारखांसह. चौथ्यात तो कोणत्या दिवशी हजर होणार. आजारी असेल तर दवाखान्याची कागदं जोडा, आणि तो चालू-फिरू शकत असेल तर कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलला दाखवा. साध्या डॉक्टरची ‘विश्रांती आवश्यक’ अशी एक ओळ पुरत नाही. दयेची याचना दोन पानं लिहू नका. आणि रजा वाढवून मागितली म्हणजे वाढली असं नाही. युनिटचं उत्तर येईपर्यंत रजेची मुदत आधीचीच. अर्ज टाकून घरी बसणं हेच बहुतेक ओएसएलचं मूळ असतं.

पटवारी_आजोबा | २.०५

पूर्वी ‘मदर सीरियस’ची तार जायची. २०१३ च्या जुलैमध्ये तारखातं बंद झालं आणि सगळ्यांच्या आया बऱ्या झाल्या.

शेगावकचोरी | २.०७

😂😂 काहून हसवता आजोबा

कडूनिंब | २.३०

ते फौजेचं पत्रलेखनाचं पुस्तक असतं म्हणे, सगळे नमुने असलेलं. कोणाकडे पीडीएफ आहे का?

हेडक्लर्क_निवृत्त | २.४८

ज्यावर वर्गीकरणाचा शिक्का आहे असं काहीही इथे टाकू नका आणि मागू नका. तुमच्या कामाला ते लागतही नाही. त्यात अपेंडिक्स आणि अॅनेक्श्चरमध्ये काय फरक, सिग्नलमध्ये पूर्णविरामाऐवजी कंसात टिंब कुठे द्यायचं, वेळ ‘१२१४३०’ म्हणजे बारा तारखेचे दुपारचे अडीच, असल्या गोष्टी असतात. युनिटमधल्या क्लार्कला लागतात.

तसंच पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधारचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कोणी सांगेल का’ म्हणून टाकू नका. पेन्शनरांना फसवणाऱ्यांना तेवढंच लागतं.

बोडीकाठ_गोंदिया | संध्याकाळी ६.१०

एक शंका. पेन्शन न मिळता लवकर सुटलेल्या जवानाच्या घरच्यांनी रेकॉर्डला लिहिलं तर ‘कागदपत्रं नष्ट’ असं उत्तर येतं. हे खरं असतं की टाळाटाळ?

चिखलदरा_कॉफी | ६.३५

बहुतेकदा खरं. पेन्शन नसलेल्यांची सर्व्हिस कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. लाँग रोल मात्र ठेवतात. त्यात नंबर, नाव, भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीख, सुटण्याचं कारण एवढं मिळतं. म्हणून पत्रात ‘सर्व कागदपत्रं द्या’ असं मागू नका, ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा’ असं मागा.

संत्रागल्ली | ६.५०

सरळ माहिती अधिकारात टाकायचं ना. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांत उत्तर.

वकीलीण_यवतमाळ | ७.०२

माहिती अधिकारात माहिती मिळते, दुरुस्ती नाही. ‘माझं नाव दुरुस्त का केलं नाही’ असं विचारलं तर उपयोग शून्य. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, त्या नोटिंगची प्रत’ असं विचारा, ते चालतं. आणि अर्ज स्वतः पत्नीच्या नावानं हवा. पुतण्यानं टाकला तर तो त्रयस्थ ठरतो.

आधी साधा अर्ज, मग स्मरणपत्र, मग हे. स्मरणपत्रात नवी कहाणी लिहू नका. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जाचा संदर्भ घ्यावा, प्रत सोबत’ एवढ्या दोन ओळी आणि जुन्या अर्जाची झेरॉक्स. स्मरणपत्रात नवा मुद्दा घातला की ते नवं पत्र होतं आणि रांगेत मागे जातं.

पैनगंगाकाठ | रात्री ९.१५

सगळ्यांचं वाचून मसुदा केला आहे. पाठवताना हिंदीत पाठवणार, इथे समजायला मराठीत टाकतो. नंबर-नावं काढून.

‘प्रति, ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स, द महार रेजिमेंट, सागर (म.प्र.)
विषय : पत्नीच्या नावात दुरुस्ती करणे, फॅमिली पेन्शन सुरू करणे, ईसीएचएस कार्ड मिळणे व मुलीच्या लग्नाचे अनुदान मिळणेबाबत : क्र. …, हवालदार (कै.) …
१. माझे पती आपल्या रेजिमेंटमधून निवृत्त झाले व दि. … रोजी त्यांचे निधन झाले.
२. पीपीओ क्र. … मध्ये माझे नाव ‘कमल’ असे आहे. आधार कार्ड, पॅन कार्ड व बँक पासबुकावर ‘कमलाबाई …’ असे आहे. दोन्ही नावे माझीच आहेत.
३. तरी माझे नाव दुरुस्त करून पेन्शन सुरू करावे. मी गरीब व निराधार असून माझ्यावर उपासमारीची वेळ आली आहे. आपण माय-बाप आहात.
४. सोबत कागदपत्रे जोडली आहेत.’

हेडक्लर्क_निवृत्त | ९.४०

पाया चांगला आहे. लाल पेन घेतो.

विषयात चार कामं आहेत. चारही वेगळ्या टेबलांची. पत्र एकाच टेबलावर जाईल, तिथलं काम झालं की फाइल बंद, बाकीची तीन हवेत. एका पत्रात एकच काम. इथे फक्त नाव. ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) वेगळं, अनुदानासाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

विषयाची ओळ अशी करा : ‘पत्नीच्या नावातील फरक : क्र., रँक, नाव’. बास.

परिच्छेद १ मध्ये भरतीची आणि निवृत्तीची तारीख घाला, शेवटचं युनिट घाला. डिस्चार्ज बुकात सगळं आहे.

परिच्छेद २ मध्ये लग्नाची तारीख आणि लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक मिळाला तर सोन्याहून पिवळं. डिस्चार्ज बुकात कुटुंबाच्या पानावर पाहा. पार्ट टू ऑर्डरमध्ये कोणतं नाव आहे त्यावरच सगळं अवलंबून आहे. तिथेही ‘कमल’ असेल तर रेकॉर्डला आधी ती नोंद दुरुस्त करावी लागते, मग पेन्शनची. तिथे ‘कमलाबाई’ असेल आणि फक्त पीपीओत ‘कमल’ असेल तर चूक टायपिंगची, काम सोपं.

परिच्छेद ३ मधली उपासमार आणि माय-बाप काढा. खरं असेल तरी त्यानं निर्णय बदलत नाही, मागणी मात्र झाकली जाते. मागणी एका वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापदासह : ‘रेकॉर्डमधील नाव अमुकऐवजी अमुक असे करून दुरुस्तीचे पत्र मला व प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन्स) कार्यालयास पाठवावे.’ (हे फौजेच्या पेन्शनचे आदेश काढणारं कार्यालय.)

परिच्छेद ४ : ‘कागदपत्रे जोडली’ असं मोघम नको. एकेक कागद नावानं, क्रमांकासह, पानं किती ते.

वकीलीण_यवतमाळ | ९.५५

जोडायचं काय : पीपीओ, डिस्चार्ज बुकाची पहिली आणि कुटुंबाची पानं, मृत्यू दाखला, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, प्रतिज्ञापत्र मूळ. बाकी सगळ्या साक्षांकित झेरॉक्स. मूळ पीपीओ आणि मूळ डिस्चार्ज बुक कधीच पाठवू नका, कोणीही मागितलं तरी.

‘उपासमार’ काढायला माझा थोडा विरोध आहे. एखाद्या दयाळू माणसाच्या हाती पडलं तर?

हेडक्लर्क_निवृत्त | १०.०४

ठेवायचंच तर शेवटच्या परिच्छेदात एक ओळ : ‘पतीच्या निधनापासून मला कोणतेही पेन्शन मिळालेले नाही.’ ही वस्तुस्थिती आहे, आणि दयाळू माणसाला तेवढी पुरते.

चिखलदरा_कॉफी | १०.१०

दोन सूचना. स्पर्श पोर्टलवर (फौजी पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) मृत्यूची नोंद केली का? ती वेगळी करावी लागते, रेकॉर्डला पत्र टाकून ती होत नाही. आणि निधनानंतर खात्यात नवऱ्याचं पेन्शन जमा होत राहिलं असेल तर ते काढू नका, नंतर वसुली निघते.

पैनगंगाकाठ | १०.३०

नोंद झाली आहे, पैसे काढलेले नाहीत. एक विचारायचं राहिलं : त्यांना सही येत नाही, अंगठा आहे.

पटवारी_आजोबा | १०.३८

अंगठ्याशेजारी लिहा ‘हा अंगठा श्रीमती … यांचा’, कोणत्या हाताचा तेही. खाली दोन साक्षीदार, पूर्ण नाव, पत्ता, सही. एक साक्षीदार सरपंच किंवा ग्रामसेवक असला तर बरं, शिक्का मारता येतो. शाई कमी घ्या, भरपूर लावली की रेषा दिसत नाहीत, नुसता डाग दिसतो. पत्र लिहिणाऱ्यानं साक्षीदार होऊ नये.

बोडीकाठ_गोंदिया | १०.४५

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्टच करा. पावतीवरचा क्रमांक स्वतःच्या प्रतीवर उतरवून ठेवा. पावतीची छपाई उन्हात चार महिन्यांत उडते.

पैनगंगाकाठ | बुधवार, सकाळी १०.५०

डिस्चार्ज बुकाचं कुटुंबाचं पान पाहिलं. पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आहे, आणि त्यात ‘कमलाबाई’ आहे. पीपीओतच ‘बाई’ गळली.

हेडक्लर्क_निवृत्त | ११.०२

मग परिच्छेद २ मध्ये पहिलं वाक्य तेच करा : ‘पार्ट टू ऑर्डर क्र. … प्रमाणे माझे नाव कमलाबाई असे नोंदलेले आहे.’ प्रतिज्ञापत्र तरीही जोडा. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात नंबर, रँक, नाव आणि ‘फॅमिली पेन्शन : नावातील फरक’ लिहा. पाकीट फोडणाऱ्याला आत न वाचता कळतं की हे पेन्शनच्या टेबलाचं.

पैनगंगाकाठ | ११.२०

लिहिलं. दीडच्या टपालात टाकतो. तारखेतला दिवस पेनानं घातला आहे 🙂